पडद्यावरचा पदर : संगणकीय अ‍ॅनिमेशन आणि गतीचे नियम

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहास अशा विषयांची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. त्या पंक्तीत आजचा आमचा विषय काहीसा परका वाटेल. तरीही तो निवडण्यास एक घरगुती कारण आहे. आपल्या मंडळातील कितीतरी घरांत असा एखादा मुलगा किंवा मुलगी आहे, की जी दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर उभी राहून म्हणते, "मला अ‍ॅनिमेशन शिकायचे आहे." त्यावर घरातील वडीलधाऱ्यांना पडणारा प्रश्नही ठरलेला असतो. ही चित्रकला म्हणायची की गणित? मुलाला कलेच्या शाळेत घालावे की विज्ञानाच्या महाविद्यालयात? आणि या विद्येवर त्याचे पोट भरेल काय?

आज आम्ही अ‍ॅनिमेशनच्या एकाच शाखेविषयी बोलणार आहोत. जिच्यात हालचाल हाताने काढली जात नाही, तर निसर्गाच्या नियमांतून गणिताने उपजविली जाते, अशी ही शाखा आहे. तिला इंग्रजीतून आलेल्या शब्दाने सिम्युलेशन म्हणतात; आपण प्रतिरूपण म्हणू. ही शाखा कशी शिकावी, याचे विवेचन करता करता वरील तीन प्रश्नांची उत्तरे मिळतील, असा आमचा विश्वास आहे.

प्रथम हे पाहू, की जुनी रीत कोणती आणि नवी कोणती. चित्रपटाच्या पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रे येऊन जातात, आणि त्या स्थिर चित्रांच्या मालिकेलाच आपला डोळा गती मानतो. दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' हा छोटा पट केला, तेव्हा त्यांनी हेच तत्त्व वापरले. काड्या किंचित सरकवायच्या, एक चित्र घ्यायचे, पुन्हा किंचित सरकवायच्या, पुन्हा एक चित्र घ्यायचे. काडी कोठे जावी, हे प्रत्येक वेळी माणसाचा हात ठरवीत होता. पुढे डिस्नेच्या कलाकारांनी १९४०च्या 'पिनोकिओ'त खवळलेला समुद्र दाखविला, तोही लाट अन् लाट हाताने रेखून.

आता आपण असे समजू, की नऊवारी नेसलेली एक स्त्री वाऱ्यातून धावत चालली आहे आणि तिचा पदर मागे फडफडतो आहे. धावण्याचा आविर्भाव कुशल चित्रकार काढील. परंतु त्या पदरावर दर क्षणी उमटणारी आणि विरणारी प्रत्येक चुणी त्याने २४ वेळा, आणि अशा शेकडो सेकंदांसाठी, काढावी अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याचा छळच होय. येथे नवी रीत पुढे येते. संगणकाला चुणी कोठे पडावी हे सांगितले जात नाही. कापडाचे वजन किती, ते ताणास किती विरोध करते, दुमडताना किती करते, वारा कोणत्या दिशेने व किती जोराने वाहतो, एवढेच सांगितले जाते. चुणी मग आपोआप पडते. म्हणजे न्यूटनने १६८७ साली ग्रंथबद्ध केलेल्या गतिनियमांतून ती निघते.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही. १९८२ साली 'स्टार ट्रेक' मालिकेतील दुसऱ्या चित्रपटात एका निर्जीव ग्रहावर ज्वाळांची भिंत पसरत जाते असे दृश्य होते. त्या ज्वाळा विल्यम रीव्हज यांनी असंख्य सुट्या कणांच्या साहाय्याने घडविल्या. प्रत्येक कणास जन्म, वेग, रंग आणि मृत्यू दिलेला होता. १९८७ साली डेमेट्री तेरझोपोलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थितिस्थापक वस्तूंचे, म्हणजे ताणल्यावर वा दाबल्यावर मूळ आकाराकडे परतू पाहणाऱ्या वस्तूंचे गणित अ‍ॅनिमेशनमध्ये आणले. १९९७च्या 'गेरीज गेम' या पिक्सारच्या लघुपटात एका वृद्ध बुद्धिबळपटूचा कोट त्याच्या हालचालींबरोबर सुरकुतताना दिसला. २००१च्या 'मॉन्स्टर्स, इंक.' मध्ये सली या राक्षसाच्या अंगावर सुमारे २३ लाख केस होते, आणि लहानग्या बूचा सदराही गणितानेच हलत होता.

हे सारे ऐकून विद्यार्थ्याला वाटते, की आता एखादी आज्ञावली विकत घ्यावी, कळ दाबावी आणि पदर फडकवावा. येथेच आम्हांस थोडे थांबून बोलावयाचे आहे, कारण या विद्येचा गाभा कळ दाबण्यात नसून काळाचे पाऊल टाकण्यात आहे.

निसर्गात काळ अखंड वाहतो. संगणकाला अखंड प्रवाह कळत नाही. त्याला एकामागून एक पावले टाकता येतात. या क्षणी वस्तू कोठे आहे व तिचा वेग किती आहे हे ठाऊक असेल, तर तिच्यावरील बले मोजावीत, बलांवरून त्वरण काढावे, त्वरणावरून नवा वेग आणि वेगावरून नवी जागा काढावी. मग पुन्हा तेच. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ग्रहांच्या बाबतीत 'तात्कालिक गती'चा, म्हणजे त्या त्या क्षणीच्या गतीचा विचार मांडला होता, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. क्षणाची गती हातात घेऊन पुढच्या क्षणाकडे कसे जावे, हाच आपलाही प्रश्न आहे. त्याचे सर्वांत सोपे उत्तर ऑयलर या गणितज्ञाने १७६८ साली छापून ठेवले. ते उत्तर सोपे आहे, आणि फसवेही आहे. कसे, ते एका उदाहरणाने पाहू. घरी गेल्यावर कागद-पेन्सिल घेऊन आपण ते पडताळून पाहावे.

एका स्प्रिंगला गोळा बांधलेला आहे. त्याची विश्रांतीची जागा शून्य मानू. तो उजवीकडे १ या खुणेपर्यंत ओढून सोडून दिला. घर्षण नाही. स्प्रिंग जितकी ताणावी तितक्या जोराने ती मागे ओढते, हा हूकचा नियम १६७८ सालचा. वस्तुमान १ आणि स्प्रिंगचा ताठरपणाही १ मानला, तर हिशेब सरळ होतो. गोळा शून्यापासून जितका दूर, तितकेच त्वरण उलट दिशेला. आता एकेका सेकंदाचे पाऊल टाकू. ऑयलरची रीत अशी, की जुन्या वेगाने जागा बदलावी आणि जुन्या जागेवरून वेग बदलावा.

आरंभी जागा १, वेग शून्य. पहिल्या पावलानंतर जागा १, वेग उणे १. दुसऱ्यानंतर जागा शून्य, वेग उणे २. तिसऱ्यानंतर जागा उणे २, वेग उणे २. चौथ्यानंतर जागा उणे ४, वेग शून्य. पाहा बरे काय झाले! १ या खुणेवरून सोडलेला गोळा पलीकडे जाऊन ४ वर थांबला. त्याला कोणी ढकलले नाही, तरी त्याची ऊर्जा सोळापट झाली. आणखी चार पावलांनी तो १६ वर जाईल. हाच गोळा पदराच्या विणीतला एक बिंदू असता, तर पदर क्षणार्धात फाटून दिगंतरी उडाला असता. सिम्युलेशन शिकणाऱ्या प्रत्येकाच्या पडद्यावर असा स्फोट केव्हा ना केव्हा होतोच, आणि पाऊल लहान केल्याने तो पुरता टळतही नाही. पाऊल सेकंदाचा दहावा भाग केले, तरी याच गोळ्याचा झोका दर सेकंदाला सुमारे ५ टक्क्यांनी वाढत राहतो.

आता त्याच रीतीत एवढाच बदल करू, की आधी वेग बदलावा आणि मग त्या नव्या वेगाने जागा बदलावी. दोन ओळींची केवळ अदलाबदल. आता जागा क्रमाने अशा येतात : शून्य, उणे १, उणे १, शून्य, १, १. सहाव्या पावलाच्या शेवटी जागा १ आणि वेग शून्य, म्हणजे गोळा जेथून निघाला तेथे, त्याच स्थितीत परत आला. निसर्गातील असा झोका ६.२८ सेकंदांत पुरा होतो. आपला ६ सेकंदांत झाला. इतके मोठे पाऊल टाकूनही हिशेब सृष्टीच्या मर्यादेत राहिला.

तिसरीही एक रीत आहे. तीत पावलाच्या शेवटी जे बल असेल तेच आधी गृहीत धरावयाचे असते. ते बल अद्याप माहीत नसल्यामुळे प्रत्येक पावलाला एक समीकरण सोडवावे लागते. या रीतीने जागा येतात त्या अर्धा, शून्य, उणे पाव, उणे पाव. गोळा उडून जाण्याची भीती मुळीच नाही. पण चार पावलांत त्याचा झोका चौथाईवर आला. घर्षण नसतानाही तो मधात बुडविल्यासारखा मंदावला.

सभाजनहो, या तीन ओळींच्या गणितात आजच्या विषयाचे निम्मे सार आहे. पहिली रीत ऊर्जा उधळते, दुसरी बव्हंशी जपते, तिसरी गिळते. निसर्गाचा नियम तिन्ही ठिकाणी एकच होता. फरक पडला तो पाऊल टाकण्याच्या पद्धतीने. ज्या विद्यार्थ्याने हे स्वतः मांडून पाहिले, तो पुढे कोणत्याही आज्ञावलीसमोर बसला आणि पदर भलताच जड, ओला, निरुत्साही दिसू लागला, तर कापडाचे वजन कमी-अधिक करीत दिवस घालविणार नाही. कापड ओले नसून गणित ऊर्जा गिळते आहे, ही शंका त्याला प्रथम येईल. ज्याने केवळ कळा पाठ केल्या, त्याला ती शंका कधी सुचणारच नाही.

आता या एका गोळ्यावरून पदराकडे जाऊ. कापड म्हणजे बिंदूंचे जाळे, आणि शेजारच्या बिंदूंना जोडणाऱ्या स्प्रिंगा, असे मानता येते. शंभर बाय शंभरचे जाळे घेतले, तर १०,००० बिंदू झाले. प्रत्येकाची जागा तीन दिशांनी सांगावी लागते, म्हणून दर पावलाला ३०,००० संख्या काढावयाच्या. संख्येपेक्षाही मोठी अडचण कापडाच्या स्वभावात आहे. साडीचे टोक धरून ओढा. ती जवळजवळ ताणली जात नाही. तीच साडी हातावर टाका. ती विनातक्रार दुमडते. ताणाला कमालीचा ताठर आणि दुमडीला कमालीचा नम्र, असा हा दुहेरी स्वभाव आहे. स्प्रिंग जितकी ताठर, तितके साध्या रीतीचे पाऊल लहान घ्यावे लागते. सेकंदाचा हजारावा भाग घेतला, तर एका चित्रासाठी चाळीसहून अधिक पावले पडतात, आणि कधी कधी तीही पुरत नाहीत.

१९९८ साली डेव्हिड बॅराफ आणि अँड्र्यू विटकिन यांनी कापडासाठी तिसरी रीत, म्हणजे समीकरण सोडवून मोठी पावले टाकण्याची रीत, व्यवहारात उतरविली. समीकरणांचे जाळे अवाढव्य होते. पण प्रत्येक बिंदू केवळ शेजाऱ्यांशीच बांधलेला असल्यामुळे त्यात बहुतेक जागी शून्येच होती, आणि शून्यांचा फायदा घेऊन ते लवकर सोडविता आले. त्या निबंधानंतर संगणकीय पात्रांना खरोखरीची वस्त्रे नेसविणे चित्रपटांच्या आवाक्यात आले. गोळ्याच्या उदाहरणात आपण पाहिलेली मंदत्वाची किंमत त्या रीतीला मोजावी लागतेच. ती किती मोजावी, हा कारागिराचा विवेक.

वस्त्र हलू लागले, की पुढचा पेच उभा राहतो, तो स्पर्शाचा. गणितातील कापडाला हात म्हणजे काय हे ठाऊक नसते. एका पावलात पदर हाताच्या अलीकडे असतो आणि दुसऱ्या पावलात पलीकडे. मधे तो हातातून आरपार गेला याची गणिताला दादही नसते. काखेत, कोपरात, कमरेच्या निऱ्यांत कापडावर कापड चढते आणि त्याचा गुंता होतो. २००२ आणि २००३ साली या एकाच प्रश्नावर महत्त्वाचे निबंध प्रसिद्ध झाले. निऱ्या नेसविणे ही आपल्या घरातील आजीला सहज येणारी गोष्ट. परंतु थरावर थर, थरामध्ये घर्षण आणि कमरेला खोचलेला ताण हे सारे संगणकाला समजावून सांगणे, ही आजही कसोटीची गोष्ट आहे.

कापडानंतर पाणी, धूर आणि हिम. द्रवाच्या गतीची समीकरणे नाविए यांनी १८२२ साली मांडली आणि स्टोक्स यांनी १८४५ साली त्यांना पक्के रूप दिले. या समीकरणांना त्रिमिती अवकाशात सदैव सुरळीत उत्तर असतेच काय, हे अद्याप कोणास सिद्ध करता आलेले नाही; क्ले गणित संस्थेने २००० साली त्यासाठी दहा लाख डॉलरांचे पारितोषिक जाहीर केले आहे. ज्या समीकरणांपुढे गणितज्ञ असे थबकलेले आहेत, त्यांच्याच कामचलाऊ उत्तरांवर पडद्यावरचा समुद्र उसळतो, ही गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. जोस स्टॅम यांनी १९९९ साली धुरासाठी अशी रीत दिली, की पाऊल कितीही मोठे घेतले तरी हिशेब फुटत नाही. पण पुन्हा तोच व्यवहार! फुटत नाही, तर विरतो. धुराचे सुंदर भोवरे लवकर मावळत. म्हणून २००१ साली फेडकिव, स्टॅम आणि येन्सन यांनी हरवलेले भोवरे पुन्हा जागे करण्याची युक्ती जोडली. आपल्या गोळ्याने जे एका कागदावर शिकविले, तेच येथे मोठ्या प्रमाणावर घडलेले दिसते.

आणखी एक मौज सांगतो. पाणी कणांनी घडविण्याची एक लोकप्रिय रीत १९७७ साली ताऱ्यांच्या अभ्यासासाठी शोधली गेली आणि २००३ साली ती संगणकावरील चालत्या खेळांसारख्या तत्काळ दृश्यांतील पाण्यासाठी वापरून दाखविण्यात आली. २०१३च्या 'फ्रोझन' चित्रपटातील हिम, जे मुठीत दाबले की गोळा होते आणि फेकले की भुगा होते, त्याची रीत घन पदार्थांच्या अभियांत्रिकीतून आली होती. तिची मुळे लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेत द्रवांसाठी केलेल्या जुन्या कामात आहेत. ज्ञानाचे झरे असे एका शेतातून दुसऱ्या शेतात झिरपत असतात. म्हणूनच विद्यार्थ्याने केवळ चित्रपटापुरते शिकू नये, असे आमचे सांगणे आहे.

येथे कोणी विचारील, सारे काही नियमच करणार असतील, तर कलावंताचे काय उरले? या प्रश्नाचे सर्वांत समर्पक उत्तर १९८८ सालच्या एका प्रयोगात मिळते. डिस्नेच्या जुन्या कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या काही तत्त्वे जपली होती. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली ती ग्रंथरूपाने मांडली. पात्राने उडी घेण्यापूर्वी दबावे, उडीत ताणले जावे, टेकताना पुन्हा दबावे, ही त्यांतील काही. हे नियम त्यांनी कोणत्याही समीकरणातून काढलेले नव्हते. माणसे, प्राणी, चेंडू यांच्याकडे वर्षानुवर्षे पाहून काढले होते. विटकिन आणि मायकेल कास यांनी टेबलावरच्या एका दिव्याचे प्रतिरूप घेतले आणि संगणकाला एवढेच सांगितले, की येथून निघून तेथे पोहोच, गतीचे नियम मोडू नकोस आणि शक्ती शक्य तितकी कमी खर्च कर. दिव्याने कशी उडी घ्यावी हे सांगितले नव्हते. उत्तर आले, तेव्हा दिवा आधी दबला, मग झेपावला, आणि टेकताना पुन्हा दबला.

कलावंताच्या डोळ्याने जे टिपले होते, तेच गणिताने दुसऱ्या वाटेने येऊन गाठले. तेव्हा ही विद्या चित्रकला की गणित, या वडिलांच्या प्रश्नात जो 'की' आहे, तोच काढून टाकावा, असे आम्ही सुचवितो. नियम उडी देतो. पण ती उडी आनंदाची की भीतीची, हे नियमाला ठाऊक नसते. कथेत नायिका थांबते आणि तिचा पदर क्षणभर उशिराने स्थिरावतो. तो क्षण किती लांबवावा, वारा कोठे पडू द्यावा, हे ठरविणारा माणूसच असतो. अभियंत्याला पुलाचे उत्तर अचूक हवे असते. चित्रपटाला ते पटणारे हवे असते. मात्र पटविणेही सोपे नाही. कारण प्रेक्षक जन्मापासून खरे पाणी आणि खरे कापड पाहत आलेला आहे, आणि लहानशी खोटही त्याच्या नजरेला खुपते.

आता अध्ययनाचा क्रम सांगतो. आरंभ एका चेंडूने करावा. तो पडावा, उसळावा, आणि अखेर थांबावा. थांबविणे हे उसळविण्यापेक्षा अवघड असते, हे तेव्हाच कळते. मग स्प्रिंगला बांधलेला गोळा, वर सांगितलेल्या तिन्ही रीतींनी. मग गोळ्यांची माळ, म्हणजे दोरी. मग दोऱ्यांचे जाळे, म्हणजे कापड. मग कापडाखाली एक चेंडू, म्हणजे स्पर्श. धूर आणि पाणी त्यानंतर. पहिल्या दोन पायऱ्यांसाठी आज्ञावलीच्या चाळीस-पन्नास ओळी पुरतात, आणि त्या स्वतःच्या हाताने लिहिलेल्या असाव्यात. अकरावी-बारावीतील सदिश, अवकलन आणि मॅट्रिक्सची ओळख एवढी शिदोरी आरंभाला पुरेशी आहे. विटकिन आणि बॅराफ यांनी १९९०च्या दशकात अभ्यासवर्गांसाठी लिहिलेली टिपणे विनामूल्य मिळतात. अवकल समीकरणे नव्याने भेटणाऱ्यालाही ती समजतात. ब्लेंडर ही आज्ञावली २००२ पासून सर्वांना मुक्त आहे. साधनांसाठी घरावर कर्जाचा बोजा घालण्याची गरज नाही.

आणि हिशेबाइतकेच पाहणेही शिकावे. दोरीवर वाळत घातलेल्या दोन साड्यांकडे एकदा नीट पाहावे. सुती साडीची घडी कोन धरते; तलम रेशमाची वळते. पैठणीचा जरीचा पदर वजनाने सरळ खाली उतरतो, आणि साध्या पातळाचा पदर वाऱ्याच्या झुळकेने उचलला जातो. हे भेद ज्याच्या डोळ्यांत ठसले आहेत, त्यालाच संगणकात कोणती संख्या बदलावी हे कळेल. गावापासून दूर राहणाऱ्या आपल्या घरांत ही वस्त्रे सणासुदीला का होईना निघतात. मुलांना ती हाताळू द्यावीत.

राहिला पोटाचा प्रश्न. तो आम्ही गोड शब्दांत झाकणार नाही. २०१२च्या 'लाइफ ऑफ पाय' या चित्रपटातील वाघ घडविणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या अमेरिकी संस्थेच्या शाखा मुंबई आणि हैदराबाद येथेही होत्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्या चित्रपटाला दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले, आणि त्याच महिन्यात, पारितोषिकाच्या काही दिवस आधी, त्या संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. कामाची गुणवत्ता आणि धंद्याचे स्थैर्य या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मुलाने आणि पालकांनी आरंभीच ओळखावे. आज्ञावल्या बदलतात, संस्था मिटतात, काम एका देशातून दुसऱ्या देशात जाते. त्या वेळी ज्याच्यापाशी फक्त एका आज्ञावलीच्या कळा आहेत त्याला नव्याने आरंभ करावा लागतो. ज्याला बल, वेग आणि पाऊल कळले आहे, त्याच्यासाठी वाहननिर्मिती, शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण, यंत्रमानव, वस्त्रोद्योग अशी अन्य दारेही असतात. कारण तेथेही तीच समीकरणे राबत असतात.

आणखी एक शंका अलीकडे वारंवार ऐकू येते. केवळ वाक्य लिहिले की चलच्चित्र तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आता आली आहे. मग हे समीकरणांचे कष्ट कशाला? अशी यंत्रे असंख्य चित्रफिती पाहून हालचालीचा अदमास बांधतात. त्यांची प्रगती डोळे दिपविणारी आहे, आणि ती उद्या कोठवर जाईल याचे भाकीत आम्ही करणार नाही. परंतु २०२४ साली असे एक नामांकित यंत्र जाहीर झाले, तेव्हा काच फुटण्यासारख्या साध्या घटनांचे भौतिकशास्त्र त्याला नीट साधत नाही, असे त्याच्या निर्मात्यांनीच नमूद केले होते. यंत्राने दिलेले चित्र खरे की खोटे हे सांगणारा आणि खोटे असेल तर ते का खोटे हे जाणणारा मनुष्य लागणारच. तो जाणता आपल्या घरातला व्हावा, एवढीच आमची इच्छा.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्या सभासदांत निवृत्त गणितशिक्षक आहेत, रेल्वेत आणि कारखान्यांत हयात घालविलेले अभियंते आहेत, आणि रांगोळी, भरतकाम, चित्रकला यांत हात बसलेल्या भगिनी आहेत. मुले संगणकाची भाषा वडिलांपेक्षा लवकर शिकतील. परंतु त्वरण म्हणजे काय हे समजावून देणारे आजोबा आणि निरी कशी पडते हे दाखविणारी आजी त्यांना बाजारात मिळणार नाही. मंडळाच्या ग्रंथालयाची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी मिळाली, एक फळा मिळाला आणि कोणाच्या घरचा एखादा जुना संगणक मिळाला, तर या तिघांना एकत्र बसविता येईल. गोळा आणि स्प्रिंगेचे गणित पहिल्या संध्याकाळी; पदर दिवाळीपर्यंत. बल, वेग, त्वरण, घर्षण हे शब्द आपल्यापैकी ज्यांनी मराठी शाळेत गिरविले, त्यांनी ते नातवंडांपर्यंत त्याच भाषेत पोहोचवावेत. पुढील पन्नास वर्षांच्या कार्याचा एक लहानसा आरंभ म्हणून मंडळाने या सूचनेचा विचार करावा.